पाण्याला गेलेली बाग

"तुमाला पटायचं नाय म्याडम. अख्ख्या शेंद्र्यात कुणाला पटलं नाय. पर झाडं पाण्याला गेलीत," कडूबा म्हणाला.

मनस्विनी बांधावर उभी होती. हातात मोबाइल, मोबाइलात नकाशा. तिच्या संस्थेनं बागाबागांत ओल मोजायची यंत्रं रोवली होती, आणि शहरातल्या ऑफिसात प्रत्येक यंत्राचा एक ठिपका दिसायचा. मे महिन्यात सगळे ठिपके लाल झाले. कडूबाचा तेवढा हिरवाच राहिला. त्या हिरव्या बागेचे फोटो काढायला ती आज आली होती.

समोर मोसंबीची खोडं होती, जमिनीलगत कापलेली. त्यांच्या मधोमध खांबावर यंत्र उभं होतं.

"पाण्याला म्हणजे कुठं, काका?"

"जायकवाडीला. तुमच्या ह्या मशिनीनंच सांगितलं त्यांला, की खाली पाणी संपलं. मला मेसेज, झाडांला निरोप. एका पहाटं उठली, मुळं कासोट्यावानी खोवली आन् निघाली रांगेनं. रस्त्याच्या कडंनं, अदबीनं."

कडूबाला सरळ गोष्ट सांगता येत नसे. सरळ सांगितलेली त्याला स्वतःलाच खरी वाटत नसे.

"कंपनीच्या गेटावर अडवलं त्यांला. आतून पायपाचा आवाज आला म्हणून वळली हुती बिचारी. वाचमन म्हणला, गेटपास दाखवा. झाडांकडं कुठून गेटपास? गेली मग पुढं. क्रांती चौकात लाल सिग्नल लागला. माणसं थांबली नाईत, झाडं थांबली. तर लोकांनी काय करावं? सावली दिसली म्हणून खाली गाड्या लावायला सुरुवात केली! झाडांला निघता निघंना."

मनस्विनीला हसू आवरलं नाही.

पत्र्याच्या शेडखाली तीन दगडांच्या चुलीवर दगडाबाई पाहुणीसाठी चहा करत होती. तिनं मान वर न करता नवऱ्याला विचारलं, "बारकं झाड कसं चाललं तेवढं? त्याला कडंवर कुणी घेतलं?"

हे कडूबाच्या गोष्टीत नव्हतं.

"म्हातारीनं," तो म्हणाला. "हिरीजवळच्या."

"मग बरं," दगडाबाई म्हणाली आणि चहात साखर टाकली.

मनस्विनी खोडांमधून चालत यंत्रापाशी गेली. सगळं रान भेगाळलं होतं. खांबाच्या बुडाशी मात्र परातीएवढी माती काळी, ओलसर होती आणि तिच्यात हरळी उगवली होती. शेजारी एक तांब्या पालथा घातलेला.

"काका, एवढ्यातच ओल कशी?"

"घाम येतो मशिनीला. दिवसभर उन्हात उभं ऱ्हातंय."

"रोज तांब्याभर घाम," चुलीपासून आवाज आला. "माझ्या हंड्यातला. टँकरमागं पळून मी आणायचा, आन् ह्यांनी लोखंडाला पाजायचा."

मनस्विनीनं नकाशावरचा हिरवा ठिपका पाहिला, मग तांब्या.

"पण कशासाठी, काका?"

कडूबानं बंडीच्या खिशातून आपला मोबाइल काढला, सदऱ्याला पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"वाचा. जरा मोठ्यानं."

तिनं वाचलं. "नमस्कार कडूबा. तुमच्या बागेत आज पुरेशी ओल आहे. तुमची बाग उत्तम आहे."

"रोज सकाळी येतो," कडूबा म्हणाला. "नाव घेऊन."

हा मेसेज गेल्या वर्षी तिनंच ऑफिसात बसून लिहिला होता. ओल असलेल्या प्रत्येकाला तो आपोआप जाई.

तिनं सॅक उतरवून पाना काढला.

"हे काढून न्यावं लागेल, काका. बाग नाही तिथं यंत्र ठेवता येत नाही."

कडूबा चटकन पुढं झाला. त्यानं दोन्ही हातांनी खांब धरला. आता त्याच्या आवाजात गंमत नव्हती, घाई होती.

"ठिवा की, पोरी. एवढी लांब गेलीत ती. परत येताना जागा कशी वळखायची त्यांनी? बांध सगळे सारखेच. हिरीत पाणी नाय, तिचा वास यायचा नाय. ह्या खांबाच्याच खुणंवर येणार ती. हे बी नेलं तर दुसऱ्याच्या रानात जाऊन उभी ऱ्हातील."

मनस्विनीनं पाना नटाला लावला, पण फिरवला नाही. तिनं शेडकडं पाहिलं. दगडाबाई कपात चहा गाळत होती.

"कधी येणार आहेत?" मनस्विनीनं हळूच विचारलं.

"मिरगाला," कडूबा म्हणाला. "मिरग बरसला की येत्यात. सगळीच्या सगळी."

मनस्विनीनं पाना खाली घेतला.

दगडाबाईनं चूल विझू नये म्हणून एक काटेरी फांदी आत सारली. फांदीला अजून चार वाळकी पानं चिकटलेली होती. ती पेटली तसा शेडभर मोसंबीचा वास सुटला.

"सगळीच्या सगळी? हे मात्र खोटं बोलले तुमी," दगडाबाई म्हणाली.