ओढ्यातली बाग

घाणेरीचं खोड दोन्ही हातांनी धरून कमळबाईंनी ओढलं. खोड हललंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा गुडघ्यातून कळ आली आणि त्या तिथेच बसल्या.

“राहू द्या बाई, मी काढतो,” अय्यूब म्हणाला. तो रात्रपाळी करून थेट इथे आला होता. केसांत अजून कापूस होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, म्हणून अकलोलीच्या वरच्या या टेकडीवर यायचं तेही शुक्रवारी. नऊ वर्षांत वार चुकला नाही, माणसं तेवढी गळत गेली. पहिल्या वर्षी, त्र्याऐंशी साली, तीस जण आले होते. बॅनर होता, फोटो झाला, वज्रेश्वरीहून जिलबी आली, त्यातल्या तरुण पोरांनी खाली ओढ्याशी ‘झाडे तोडू नका’ अशी पाटीही ठोकली. आता उरले दोघेच, एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा एके काळचा विद्यार्थी.

बाईंना आज सांगायचं होतं, की हा आपला शेवटचा शुक्रवार, यापुढे ही टेकडी चढवणार नाही. बसमध्ये दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, पण अय्यूब खिडकीला डोकं टेकून झोपला होता. अशा माणसाला उठवून हे कसलं सांगायचं? शिवाय थांबण्याआधी त्यांना एकदाच बघायचं होतं, की एवढ्या वर्षांच्या राबण्याचं काही झालं का.

चैत्रात इथल्या कोरड्या जमिनीतून भुईचाफा वर येतो. पान नाही, फांदी नाही, मातीतून सरळ फूलच, पांढरं आणि जांभळं. घाणेरी माजली की तिच्याखाली तो मरतो. त्याच्यासाठीच ही सगळी उठाठेव होती. बाईंनी वाकून वाकून फुलं मोजली.

“एकवीस.”

“मागच्या साली?”

“चोवीस.”

बाईंना रडू यायला हवं होतं, पण इतकं दमल्यावर तेही धड येत नाही.

“पण ओढा बघा ना,” अय्यूब समजूत घालत म्हणाला. “ओढा तर कसला हिरवागार झालाय.”

ते खरं होतं. उपटलेली घाणेरी ते दर शुक्रवारी कड्यावरून खाली ओढ्यात ढकलून देत. त्या दोघांना स्वतः खाली उतरायचं कधी कारण पडलं नाही. बसचा रस्ता टेकडीच्या दुसऱ्या अंगाला. वरून मात्र दिसायचं, की एके काळचा उघडा ओढा आता गच्च भरला आहे. बाईंच्या वहीत दरवर्षी एक ओळ असे: ओढ्याकाठची झाडी वाढते आहे. फार वाईट वाटलं, की त्या घरी वही काढून ही ओळ वाचत.

तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून राहीबाई उतरत आली. ओढ्याजवळच्या पाड्यावर राहणारी, डोक्यावर जळणाच्या फाट्यांची मोळी, मागे लांबवर आणखी चारपाच बाया. ती दर शुक्रवारी दिसे, पण इतक्या वर्षांत बोलणं ‘काय, बरंय ना’च्या पुढे गेलं नव्हतं. आज ती थांबली.

“पानी हाय का, बाय?”

बाईंनी बाटली दिली. “एवढ्या लांबून आणता फाटी?”

“मंग काय करायचा? जवलची तर तोडायची न्हाय.”

“जवळची कुठली?”

राहीबाईने हनुवटीने ओढा दाखवला. “तुमची बाग.”

“कसली बाग?”

“घाणेरीची. तुमी वरून टाकत गेलात, ती रुजली. नि खाली पाटी लावलीत, झाडा तोडू नका म्हनून. आमी म्हटला, शिकलेली मानसा हायत, औषदाला लावली आसंल. आठ वरसा झाली, कुनी काडी मोडली न्हाय. पोरींनाबी हात लावू देत न्हाय.”

अय्यूब उठला, कड्यापाशी गेला आणि पहिल्यांदाच वाकून, निरखून खाली बघितलं. परत आला तो बाईंकडे न बघताच खाली बसला.

“सगळी तीच आहे, बाई.”

“आधी काय होतं तिथे?” बाईंनी विचारलं. उत्तर नको होतं, तरी विचारलं.

“वढ्यात? भुईचाफा. हितं काय, मूठभर. तितं पाय ठेवाया जागा नसायची. आमी वाकडी वाट करून जायाचो.”

मग कमळबाई म्हणाल्या, “राहीबाई, ती बाग नाही. आमची चूक झाली.” छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी पोरांकडून हजारदा म्हणवून घेतलं होतं. स्वतः मात्र आज पहिल्यांदाच म्हटलं.

राहीबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “मंग तोडू?”

“तोडा. मुळासकट काढा.”

राहीबाईने डोक्यावरची मोळी धाडकन खाली टाकली. दोन तास वाहून आणलेली ती मोळी तिने एकदा बघितली आणि मागच्या बायांना हाक दिली, “आगो, टाका ती फाटी! बाग बाईंची न्हाय!”

बाया हसत, शिव्या घालत ओढ्याकडे उतरल्या. त्यांच्यामागून, अय्यूबच्या खांद्याला धरून, कमळबाईही उतरल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा. गुडघा ठणकत होता. सांगायचं होतं ते राहूनच गेलं होतं.

खाली राहीबाईने एका जाडजूड खोडाच्या बुडाशी पाय रोवला, खोड दोन्ही हातांनी गरकन पिळलं आणि मुळासकट बाहेर काढून बाईंच्या पुढ्यात टाकलं.

“वढायची न्हाय, बाय. पिलायची,” ती म्हणाली. “इचारला असतात, तर पयल्याच वर्साला सांगितला असता.”