पहिली फुगडी

बँडवाले वाजवून दमले, तरी कानबाई दारातून हलेना. लोणखेड्याच्या त्या गल्लीत बायका सकाळपासून नटूनथटून उभ्या होत्या. चौरंगावर नथ घातलेली, फुलांनी मढलेली कानबाई, श्रावणात घरी येणारी देवी, बसली होती. नदीवर विसर्जनाला जायची वेळ टळत चालली होती. पण पाटलांच्या घरची रीत अशी, की घरच्या दोन सुनांची फुगडी झाल्याशिवाय कानबाईला डोक्यावर घ्यायचं नाही. आणि घरच्या दोन सुना ओट्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या, एकीचं तोंड पिंपळाकडे, दुसरीचं दुधाच्या डेअरीकडे.

थोरली कौसाबाई, धाकटी तापीबाई. बांधावरच्या एका आंब्यापायी दोघींचं बोलणं बंद झालेलं. शेत वाटलं गेलं, गोठा वाटला गेला, विहिरीच्या पाण्याची पाळीसुद्धा वाटून झाली. कानबाई तेवढी वाटता येईना. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून काल दोन्ही घरं एका पंगतीला बसली होती. जेवली, पण गुमान. मीठसुद्धा कौसाबाईच्या लेकीकडून, काजलकडून मागवलं गेलं. त्याआधी रोटांची कणीक मळताना कौसाबाईची परात सारखी सरकत होती. तेव्हा तापीबाईने पलीकडून ती धरली होती, तीही एक अक्षर न बोलता.

वाटणीनंतरची ही पहिलीच कानबाई. मधले दोन श्रावण कौसाबाईच्या दुखण्यात गेले. छातीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण डाव्या हातातला जोर गेला तो गेलाच. गल्लीत गुपित टिकत नाही म्हणतात, पण कौसाबाईने हे टिकवलं होतं. हात पदराखाली. तांब्या उजव्या हाताने, दळणाचा डबा काजलच्या डोक्यावर. नवऱ्यालाही तिने धड सांगितलं नव्हतं.

फुगडीत मागे कलावं लागतं आणि सगळा भार समोरचीच्या हातांवर टाकावा लागतो. खेळायला गेली तर बोटं सुटणार आणि ती भर गल्लीत आपटणार. नाही म्हटलं तर लोक म्हणणार, बाईने कानबाईपुढेसुद्धा अढी सोडली नाही. मग दोन घरं तुटली ती कायमची. आणि खरं सांगायचं तर तिला खेळायचं होतं. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या तिने देवीला दुसरं काही मागितलंच नव्हतं.

शेवटी घरातल्या म्हाताऱ्या आत्यालाच राहवेना. ती काठी आपटत म्हणाली, "भांडन करनं व्हई ते उद्या करा वं. आज कानबाई खोळंबी ऱ्हायनी."

तापीबाई ओट्यावरून उतरली. तिने पदर कमरेला खोचला आणि थोरलीसमोर जाऊन उभी राहिली.

"चाला, बाई."

"मन्हाकडथीन नही व्हवाव, तापी."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. बन्सीलालने, कौसाबाईच्या नवऱ्याने, मान खाली घातली. तापीबाईचा चेहरा उतरला आणि ती माघारी वळणार, एवढ्यात कौसाबाई तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हात सुटी जाई मन्हा."

तापीबाईने पदराखाली लपलेल्या हाताकडे पाहिलं.

"माले ठाऊक शे. तुम्ही नका धरू. मी धरस."

आणि तिने पंजे धरलेच नाहीत. दोन्ही हातांनी थोरलीची दोन्ही मनगटं धरली, बांगड्यांच्या वर, घट्ट. पायाला पाय लावले. बँडवाला शहाणा होता, त्याने ढोल हळू घेतला. पहिला फेरा कौसाबाई पुढेच झुकलेली होती, अंग चोरून. दुसऱ्या फेऱ्यालाही तेच. मग तापीबाई मागे कलली, आणि कौसाबाईला कलावंच लागलं. डोळे मिटून तिने सगळा भार सोडून दिला. मनगटं सुटली नाहीत.

ढोल वाढला. पदर उडाले, अंबाडे सुटले, आत्या काठीवर ताल धरायला लागली. बघता बघता गल्लीभर फुगड्या सुरू झाल्या. जी जिच्या शेजारी होती तिने तिचे हात धरले. त्यात वर्षभर एकमेकींच्या दारावरून न जाणाऱ्याही दोघीतिघी होत्याच. चौरंग उचलायला बन्सीलाल आणि त्याचा धाकटा भाऊ उमाकांत एकदमच पुढे आले, आणि एकमेकांकडे न बघता दोघांनी दोन बाजू धरल्या. कानबाई आधी तापीबाईच्या डोक्यावर गेली. गल्लीच्या वळणापर्यंत ती नाचत गेली आणि तिथे तिने चौरंग थोरलीच्या डोक्यावर ठेवला. वर धरायला स्वतःचा एक हात मात्र तिने थोरलीच्या डाव्या बाजूला तसाच राहू दिला. तशाच दोघी नदीपर्यंत जोडीने नाचत गेल्या.

दुपारी ओट्यावर बसून कौसाबाई उरलेले रोट दोन डब्यांत भरत होती. डावा हात मांडीवर उघडाच होता. काजलला मनगटावरचे लालभडक वळ दिसले, बोट न् बोट मोजून घ्यावं असे.

"माय, हळद लावू का?"

कौसाबाईने मनगट उन्हात धरून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे, बेटा," ती म्हणाली. "दोन वरीसमा माले इतलं घट कोनी धरेल नव्हतं."