टेबल गौरीकडे आहे

गौरीहर टेबलावर मांडून झाला होता, आणि बसवनगुडीतल्या त्या मंगल कार्यालयात नवरीच्या खोलीला टेबल एकच होतं.

"अक्का, हे टेबल मेकपचं," गुंडूराव म्हणाले.

"चौरंग राहिला मल्लेश्वरमला, घरी. मग गौर काय जमिनीवर बसवू?" त्यांच्या थोरल्या बहीण रत्नाबाई समईत तेल घालत म्हणाल्या. "आता बसली ती. अक्षता पडेपर्यंत हलायची नाही."

गुंडूरावांनी खिशातून कागद काढला. मेकपवालीने फोनवर पाठवलेली यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली होती. टेबल, उंच खुर्ची, मोठा आरसा, प्लग. चारही गोष्टी खोलीत होत्या. खोली मात्र तयार नव्हती. हे कसं काय, ते त्यांना कळेना.

लग्नाची बाकी सगळी कामं कंत्राटदाराकडे होती. मुलीने वडिलांना दिली होती ती एवढी एक खोली. "अप्पा, तुम्ही फक्त एवढं बघा," शाल्मली म्हणाली होती. "मला तिथे दोन तास निवांत बसायचंय." नियोजन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोली म्हणजे काहीच नाही, असं गुंडूरावांनी चार लोकांना सांगूनही ठेवलं होतं.

साडेपाचला मेकपवाली अनुषा आली. दोन पेट्या, एक गोल दिवा. तिने टेबलावरची गौर पाहिली, चपला बाहेर काढून ठेवल्या, नमस्कार केला आणि विचारलं, "टेबल कुठे आहे, अंकल?"

"टेबल गौरीकडे आहे."

"सरी, ठीक आहे," म्हणून अनुषाने पेट्या पलंगावर उघडल्या. तिचं सगळं कन्नडात चाललं होतं. गोंधळ तेवढा मराठीत होत होता.

एक प्रश्न परस्पर सुटल्यामुळे गुंडूरावांना हुरूप आला. त्यांनी खुर्ची खिडकीशी नेली.

"तिकडे वायर पोचत नाही, अंकल."

त्यांनी खुर्ची प्लगाशी ओढली.

"गौरीकडे पाठ करून बसवणार नवरीला?" रत्नाबाई म्हणाल्या. "गुंडू, तुला काही कळतं का रे?"

त्यांनी खुर्ची फिरवली. आता खुर्चीसमोर गौर होती, त्यामुळे आरशाला जागा राहिली नाही. भिंतीवर लावावा, तर 'भिंतीला खिळे मारू नयेत' अशी पाटी होती. पाटी खिळ्यावर टांगलेली होती. ती काढून तिथे आरसा लावावा, असं गुंडूरावांच्या मनात येऊन गेलं. पण पाटीखाली व्यवस्थापकांची सही होती, आणि सहीपुढे ते कधी गेले नव्हते. आरसा पलंगाला टेकवून पाहिला. त्यात पंखा दिसला. उशी लावून पाहिली. त्यात रत्नाबाई दिसल्या.

"पावणेसहा," अनुषा म्हणाली. "आता सुरू नाही केलं तर मुहूर्ताला अर्धीच नवरी मिळेल, अंकल."

तेवढ्यात शाल्मली ओल्या केसांना पंचा गुंडाळून आत आली. टेबलावर गौर, पलंगावर पेट्या, आणि मधोमध आरसा कवटाळून उभे असलेले वडील.

"अप्पा, मी कुठे बसू?"

गुंडूरावांनी खोलीभर पाहिलं. मग ते खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये, गौरीकडे आपलीही पाठ होऊ नये म्हणून जरा तिरके उभे राहिले, आणि आरसा छातीशी धरला.

"बस तू. मी धरतो."

"दोन तास?"

"स्वल्प वेळाचा तर प्रश्न आहे."

अनुषाने काम सुरू केलं. "अंकल, वर. अंकल, स्वल्प डावीकडे." गुंडूराव वर होत होते, डावीकडे होत होते. पहाटेपासून पहिल्यांदाच त्यांना एका वेळी एकच माणूस सूचना देत होतं. त्यांना बरं वाटलं.

फक्त आरशाच्या मागून काही दिसत नव्हतं. समोर प्लायवूड, त्याच्या वर शाल्मलीचा भांग. खाली तिच्या चेहऱ्याचं काय चाललंय, ते त्यांना बायकांच्या बोलण्यावरून समजून घ्यावं लागत होतं. खोपा झाला. गजरा झाला. नथ घालताना "आई गं" झालं.

मग रत्नाबाईंनी मुंडावळ्या बांधल्या आणि एकदम गप्प झाल्या.

अक्का गप्प का झाली, हे गुंडूरावांना कळेना. त्यांनी आरसा दोन बोटं खाली घेतला आणि वरून पाहिलं.

"अंकल, आरसा हलतोय," डोळ्याशी ब्रश नेत अनुषा म्हणाली. "धरून ठेवा ना नीट."

शाल्मलीने मिटलेले डोळे उघडले नाहीत. फक्त अनुषाचा हात धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "आरसा नाही हलत."