पहिला अंगठा

दरसाल ऊन चढत होतं आणि वारा पडत होता. यंदा तर डोंगरावरच्या पवनचक्क्या ऐन दुपारी नुसत्या शोभेला उभ्या होत्या. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधून तिनं कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडले, "दुपारी तेवढे एसी बंद ठेवा हो, नाहीतर मला आपल्याच कॉलनीची वीज तोडावी लागेल." घरोघरचे अंगठे धडाधड आले. पहिला नवऱ्याचा.

तरी दुपारी स्क्रीनवर कॉलनीचा लोड चढतच गेला. शेवटी दातओठ खात तिनं बटण दाबलं. लगेच नवऱ्याचा फोन.



"अगं, लाइट कशी गेली? बाकी सगळ्यांनी एसी बंद केले होते ना? आपला एकट्याचा चालू राहिला तर एवढं काय बिघडणार होतं?"