गुलाल कुणाचा

नाहीद मॅडमनी आदेशच्या तळहाताला गुपचूप गुलाल चोळला आणि पोरांना एकमेकांशी हात मिळवायला लावले. घटकाभरात सगळा वर्ग गुलाबी झाला.

"फ्लूचा विषाणू असाच पसरतो," भिंतीला टेकत त्या म्हणाल्या. "आता सांगा, सुरुवात कुणापासून झाली?"

"आदेशपासून," त्याचा सगळ्यांत गडद हात बघून पोरं ओरडली.

चंचल मात्र तापानं घरी पडलेल्यांच्या रिकाम्या जागांकडे पाहत होती.

"गुलाल आदेशचा, मॅडम. पन ताप तुमचा. सोमवारी तुमीच खोकलून राह्यल्या होत्या. सुटी काऊन नाई घेतली?"

मॅडमना अजूनही तापामुळे उभं राहवत नव्हतं. शाळेवर शिक्षिका त्या एकट्याच.

"मी सुटी घेतली तर शाळा कोण उघडणार गं?"

चंचलनं गुलाबी हात पुढे केला.

"किल्ली द्या मले."