ठकूबाईचं गिऱ्हाईक

"चालू झाली तर आजच नेते," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "पण इंजिनच गेलेलं असेल तर माझ्यानं नाही झेपायचं, काका. मग राहू द्या."

स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या काकूंचा जीव टांगणीला लागला. समोरच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. दोन दारांची, गोल दिव्यांची, एवढीशी. काकांनी तरुणपणी घेतलेली. आता रंगाचे पोपडे उडाले होते आणि दाराखालचा पत्रा बोटानं दाबला तरी तुटत होता. काका तिला लाडानं ठकूबाई म्हणत. काकू तिला काही म्हणत नसत, नुसतं पाण्यात पाहत असत.

विकायला काका स्वतःच्या तोंडानं हो म्हणाले होते. ही बया एकदा दारातून गेली की हा माणूस घरात येऊन बसेल, दोन शब्द बोलेल, एवढीच काकूंची आशा होती.

डॉक्टरीण पुठ्ठा अंथरून सरळ गाडीखाली शिरली होती. दाढा तपासायची छोटी बॅटरी तिनं बरोबर आणली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत गंज होता आणि चेहरा खुलला होता.

"खालचा सगळा पत्रा बदलावा लागेल. सीटा नव्या. वायरिंग नवं. दोन वर्षं तरी मोडतील. पण मला असंच काहीतरी हवं होतं, आपल्या हातानं करायला. मागच्या चाकाचं बेअरिंगपण गेलंय ना?"

"शाब्बास!" काका म्हणाले. "बरोबर ओळखलंत."

खिडकीतल्या काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. सबंध संसारात हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नव्हता. कालची पोर काय येते, गाडीखाली काय लोळते आणि शाब्बासकी काय घेऊन जाते!

काका गाडीत बसले. किल्ली फिरवली. ठकूबाई घुरघुरली, दोनदा खोकली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. शेडमध्ये पेट्रोलचा वास पसरला.

काकूंना आधी बरंच वाटलं. चारचौघांत नाक कापलं ना लाडकीनं! पण डॉक्टरीण बॅटरी पर्समध्ये टाकू लागली आणि काकूंच्या लक्षात आलं, ही चालू झाली नाही तर इथेच राहणार. जन्मभर.

"वय झालं हो तिचं," काका म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली.

आता काकूंनी नीट ऐकलं. रोज सकाळी भांडी घासताना त्या हेच ऐकत आल्या होत्या. काका जादा पेट्रोल सोडणारा चोक ओढायचे, किल्ली फिरवायचे आणि पहिला खोकला आला की चोक अर्धा आत ढकलायचे. ढकलताना खट्ट असा आवाज यायचा. आज तो खट्ट आलाच नव्हता. काकांचा दुसरा हात मांडीवर नुसता पडून होता.

विसरले? छे. जेवायचं विसरतील, हे विसरायचे नाहीत. काका म्हणजे खोटेपणाचं वावडं असलेला माणूस. जेवणात मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगणारा. आणि तो आज ढळढळीत खोटं वागत होता.

हात पुसत त्या शेडच्या दारात गेल्या.

"चोक आत ढकला. तिला पेट्रोल जास्त झालंय. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा."

काकांनी मान वर केली. चोरी करताना सापडलेल्या माणसाचा चेहरा. काकूंनी नजर हलवली नाही. शेवटी खट्ट आवाज आला. किल्ली फिरली, ठकूबाईनं दोन आचके दिले आणि निळा धूर ओकत ती धडधडायला लागली.

"काकू!" डॉक्टरीण ओरडली. "तुम्हालापण येतं हे सगळं?"

"येतंय कसलं? हात तरी लावू दिलाय का कुणी? पण सवतीचा खोकला ओळखता येतो हो."

डॉक्टरीण खळखळून हसली. काका हसले नाहीत. व्यवहार झाल्यावर त्यांनी शेडच्या फळीवरून एक घडी केलेलं लोकरी ब्लँकेट काढलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. "रात्री बॉनेटवर टाकत जा. गारठा सोसत नाही तिला."

ते ब्लँकेट काकू गेले कित्येक हिवाळे शोधत होत्या. पण जाणाऱ्या माणसाशी कशाला भांडायचं?

गाडी फाटकातून गेली, कोपऱ्यावर वळली. काका पायरीवर बसले. घरात मात्र आले नाहीत. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्याही शेजारी टेकल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"मुद्दाम केलंत ना?"

"काय?"

"चोक."

काका चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "त्या डॉक्टरिणीसमोर बोलली नाहीस."

"घरातलं बाहेर कशाला काढायचं?"

काकांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काकूंना त्यांची कीव यायला हवी होती. पण आला तो मत्सरच, चांगला गळ्यापर्यंत.

"चाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी एवढीशी लबाडी केली नाहीत हो तुम्ही."