शेवटी चार असलेले सव्वीस पत्ते

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तैवानच्या ताइचुंग शहरातल्या एका क्लाउड कंपनीतले पत्ते संपले.

नेटवर्क सांभाळणाऱ्या पेइ-चिनच्या पडद्यावर लाल ओळ उमटली. ग्राहकाचा नवा सर्व्हर उभा राहिला की ठरलेल्या पट्ट्यातला एक रिकामा आयपी पत्ता त्याला मिळतो. पत्ता नाही, तर सर्व्हर नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याला ऑनलाइन नोंदणीसाठी वीस सर्व्हर हवे होते. संध्याकाळी तिथे वादळ धडकणार होतं आणि डोंगरातल्या गावांना निवाऱ्यात जागा त्या नोंदणीतूनच मिळणार होती.

"बारा म्हणजे बारा हं, पेइ-चिन," जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयातल्या च्वोबाई फोनवर म्हणाल्या. "साडेबाराला बस सुटतील. यादी नसेल तर कुणाला कुठे उतरवू?"

पेइ-चिनने खुर्ची वळवली. मागच्या टेबलावर विभागप्रमुख लाय चहा पीत होते. नऊ वर्षांपूर्वी हे नेटवर्क त्यांनीच उभारलं होतं.

"लायदादा, सव्वीस पत्ते मोकळे आहेत. चार, चौदा, चोवीस... शेवटी चार असलेला प्रत्येक पत्ता तुम्ही पट्ट्याबाहेर ठेवलाय."

"ठेवलाय तो ठेवलाय."

"का पण?"

"चार हा मरणाचा आकडा, आपल्या भाषेत दोन्हींचा उच्चार सारखाच. आपल्या लिफ्टमध्ये तरी चौथा मजला आहे का?"

"लिफ्ट तीनवरून पाचवर जाते म्हणून इमारत हवेत तरंगत नाही, दादा."

शेजारचे दोघं हसले. लाय हसले नाहीत.

"मुख्य कार्यालयाकडे नवा पट्टा मागितलाय. सोमवारी मिळेल."

"मग वादळाला कळवू का, सोमवारी ये म्हणून?"

"त्या पत्त्यांना हात लावायचा नाही. हुकूम समज."

"मग कारण लिहून द्या. 'मला चारची भीती वाटते' एवढंच लिहा आणि खाली सही करा. पाठवते च्वोबाईंना."

लाय यांनी कप तोंडाला लावला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पेइ-चिनने सव्वीस पत्त्यांना एकेक करून हाक देऊन पाहिली. एकानेही उत्तर दिलं नाही. कंपनीच्या नोंदवहीतही त्यांच्यापुढे कुणाचं नाव नव्हतं. तिने पट्टा वाढवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'विभागप्रमुखांचा विरोध असताना, माझ्या जबाबदारीवर.'

"नोकरी जाईल तुझी," लाय म्हणाले.

"जाऊ दे. तुमच्या चारला घाबरून मी माणसं उघड्यावर ठेवणार नाही."

अकरा एक्केचाळीसला विसावा सर्व्हर सुरू झाला. अकरा सेहेचाळीसला नोंदणी उघडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. च्वोबाईंचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होता.

लाय उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"किती झाले?"

"वीस. काही कोसळलं नाही, बघा."

"म्हणजे सहा उरले," ते म्हणाले.

अकरा त्रेपन्नला तळघरातून फोन आला. सर्व्हरचं दालन सांभाळणारा आ-शोंग ओरडत होता.

"लायदादा, थंड हवेची यंत्रं पटापट बंद पडतायत! हातानेही सुरू होत नाहीत!"

"किती चालू आहेत?"

"सहा!"

पेइ-चिनने मागे वळून पाहिलं. "पण मी तपासलं होतं. कुणीच उत्तर दिलं नाही."

"देऊ नका, असं मीच त्यांना ठरवून दिलंय. यंत्रांना वेगळं नेटवर्क द्यायला वरून नकार आला होता. मग चोरून याच सव्वीस पत्त्यांवर जोडली. पत्ता गेला की त्यांना हुकूम पोचत नाही, ती थांबतात." लाय यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "माझा जन्म चार एप्रिलचा आहे, पोरी. मला कसली आलीय चारची भीती? ती बाकीच्यांना वाटते, म्हणून चार निवडला."

बारा वाजून दहा मिनिटांनी निवारा मिळालेली कुटुंबं चारशे बारा झाली होती, नऊशे बाकी होती. दालनाचं तापमान एकोणचाळीस अंश होतं. पंचेचाळीस अंशांना सगळेच सर्व्हर आपोआप बंद होतात. नोंदणीचे वीस सर्व्हर थांबवून पत्ते यंत्रांना परत देण्याचा हुकूम पेइ-चिनच्या पडद्यावर तयार होता. तो तिने अजून दिलेला नव्हता.